मुळशीचें तळें आणि रांगेचें गणित

पुण्याहून पौडच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांच्या आंत पावसाचें राज्य पार बदलून जातें. पुणें शहरांत वर्षाकाठीं सरासरीनें सातशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणीच्या माथ्यावर तोच पांच-सहा हजारांच्या घरांत जातो. हा सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडें राहतें. निसर्गाची आवक अशी लहरी, आणि माणसाची गरज मात्र रोजची व सारखी. या दोहोंचा मेळ घालावयाचा तर मध्यें एखादें कोठार उभें करावें लागतें. मुळशीचें तळें हें असेंच एक कोठार आहे.

या तळ्याच्या इतिहासाची एक बाजू महाराष्ट्रास परिचित आहे; ती सत्याग्रहाची. दुसरी बाजू गणिताची आहे व ती फारशी कोणी सांगत नाहीं. अशा कोठारांत पुढील वर्षीं, पुढील दहा वर्षांनीं, पुढील शतकांत काय स्थिति असेल याचा विचार करतां करतां संभाव्यतेच्या गणिताची एक शाखा वाढीस लागली, आणि तीच शाखा आज संगणकांच्या वर्तनाचा वेध घेण्यास उपयोगी पडत आहे. योगायोगाची मौज अशी कीं, ज्या मुळशी तालुक्यांत हें तळें आहे त्याच तालुक्यांत हिंजवडीची संगणक-वसाहतही उभी राहिली, आणि धरणाखालची मुळा नदी त्या वसाहतीच्या कुशीवरूनच पुण्यास जाते. तळें आणि संगणक यांचें नातें मात्र शेजारापुरतें नाहीं. तें पुष्कळ खोल आहे.

प्रथम तळ्याची हकीकत. टाटांच्या जलविद्युत् योजनांत मुळशीची योजना तिसरी. पहिली लोणावळ्याच्या तलावांवरची. तिची वीज १९१५ सालीं खोपोलीहून मुंबईस गेली. दुसरी आंध्रा खोऱ्यांतली; तिचें भिवपुरी येथील वीजघर १९२२ सालीं सुरू झालें. तिसरीसाठीं १९१९ सालीं टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली व तिनें मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाची जागा हेरली. कल्पना धाडसी होती यांत शंका नाहीं. मुळेचें पाणी स्वभावतः पूर्वेकडे वाहणारें. पुण्यास मुठेला भेटून, भीमेंतून कृष्णेंत आणि कृष्णेंतून बंगालच्या उपसागरांत जाणारें. तें धरणानें अडवावयाचें, सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें पश्चिमेस वळवावयाचें, आणि सुमारें पांचशें मीटर खालीं कोंकणांत भिरा येथें यंत्रांच्या चक्रांवर सोडावयाचें. तेथून तें कुंडलिका नदीच्या पात्रानें रेवदंड्यापाशीं अरबी समुद्रास मिळणार होतें. म्हणजे पाण्याचा नुसता मार्गच नव्हे, तर समुद्रही बदलला.

या कल्पनेची किंमत मावळानें दिली. सुमारें पन्नास गांवें आणि दहा हजारांहून अधिक माणसें बुडिताच्या छायेंत आलीं. आंबेमोहोर तांदळासाठीं नांवाजलेलीं भातखाचरें त्यांत गेलीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळांतील स्त्रीपुरुष धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ ही पदवी याच लढ्यानें मिळवून दिली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे खंदे सहकारी. काम कांहीं काळ थांबलें व पुन्हां सुरू झालें. सरकारनें १८९४ चा भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या हातीं दिला. ज्या सावकारांकडे जमिनी गहाण होत्या त्यांच्यापैकीं अनेकांनीं भरपाई पदरांत पाडून घेऊन लढ्यांतून अंग काढलें. १९२४ च्या अखेरीस बापटांनीं धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली व त्यापायीं सात वर्षांची शिक्षा भोगली. १९२७ सालीं भिऱ्याचीं चक्रें फिरूं लागलीं आणि मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. राजेंद्र व्होरा यांनीं २००९ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या लढ्यास जगांतील पहिलें धरणविरोधी आंदोलन असें म्हटलें आहे.

आतां या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशीं असलेला एक कोरडा वाटणारा प्रश्न पाहूं. धरण किती उंच असावें? उंचीचा प्रत्येक फूट वाढविला कीं आणखी कांहीं खाचरें पाण्याखालीं जातात. उंची कमी करावी, तर पाऊस ओढ देईल त्या वर्षीं गिरण्यांचीं यंत्रें थांबण्याचा धोका वाढतो. तेव्हां हा प्रश्न केवळ दगडचुन्याचा नाहीं. किती वर्षांतून किती वेळां टंचाई सोसावयाची, आणि ती टळावी म्हणून कोणाची किती जमीन घ्यावयाची, असा त्याचा खरा अर्थ आहे. आणि ‘किती वेळां’ हा शब्द आला कीं संभाव्यतेच्या गणितावांचून पाऊल टाकतां येत नाहीं.

त्या काळीं इंजिनियर लोकांच्या हातीं असलेलें मुख्य साधन म्हणजे रिप्पल यांनीं १८८३ सालीं प्रसिद्ध केलेली पद्धति. ती वाण्याच्या वहीखात्यासारखी सरळ होती. नदीच्या मागील वर्षांच्या नोंदी घ्यावयाच्या, वर्षामागून वर्ष आवकेची बेरीज करीत जावयाचें, शेजारीं गरजेची बेरीज मांडावयाची, आणि दोहोंत सर्वांत मोठी तफावत जेथें पडेल तेवढें कोठार बांधावयाचें. हिशेब निर्दोष, परंतु त्यांत एक गृहीत धरलेलें होतें कीं, पुढील काळ मागील काळाची हुबेहूब नक्कल करील. वीस वर्षांच्या नोंदींत जो भीषण दुष्काळ आला नाहीं, तो एकविसाव्या वर्षीं येणार नाहीं याची हमी ती वही कशी देणार?

ही उणीव प्रथम अमेरिकेंतील ॲलन हेझन यांनीं १९१४ सालीं भरून काढण्याचा प्रयत्न केला. अनेक नद्यांच्या नोंदी एकत्र करून त्यांनीं विचारलें कीं, अमुक एवढें कोठार शंभरांपैकीं किती वर्षें पुरेल? प्रश्नाचें रूपच बदललें. ‘पुरेल कीं नाहीं’ याऐवजीं ‘कितपत पुरेल’ असें विचारणें सुरू झालें. पुढें १९२७ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें त्याच वर्षीं, सडलर नांवाच्या दुसऱ्या एका अमेरिकन इंजिनियरानें नदीच्या वार्षिक आवकेचे आंकडे कार्डांवर लिहिले, पत्ते पिसतात तशीं तीं पिसलीं, आणि एकामागून एक कार्ड उलटून हजार वर्षांची एक काल्पनिक नदी टेबलावर वाहविली. हा उद्योग त्या वेळीं पुष्कळांस पोरखेळ वाटला असल्यास नवल नाहीं. तथापि संगणकाकडून आज जी कृत्रिम घटनांची मालिका करवून घेतात व जिच्यावरून मोठमोठ्या योजनांचे अंदाज बांधतात, तिचें बीज या पत्त्यांच्या डावांत आहे.

या प्रश्नाला खरें शास्त्रीय रूप आलें तें १९५४ सालीं. पॅट्रिक मोरान हे ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथील विद्यापीठांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीं धरणाकडे पाहण्याची जी रीत घालून दिली ती एका लहानशा उदाहरणानें कोणाही श्रोत्यास समजेल. कागद-पेन्सिल जवळ असल्यास उत्तम.

असें समजूं कीं, एका कल्पित तळ्यांत पाण्याचे तीन भाग मावतात व दरसाल गरज एका भागाची आहे. पाऊस तीन प्रकारचा. चार वर्षांतून एकदां तो दगा देतो व आवक शून्य होते; चारांतून दोनदां मध्यम पडतो व एक भाग पाणी येतें; चारांतून एकदां भरघोस पडून दोन भाग येतें. सरासरी काढली तर आवक बरोबर एका भागाची, म्हणजे गरजेइतकीच. वरवर पाहणारा म्हणेल, हिशेब जुळला. आतां चिंता कशाची? परंतु सरासरीनें कोणाची तहान भागत नाहीं. पावसाळ्यानंतर गरजेपुरतें पाणी काढून घेतलें म्हणजे वर्षअखेर शून्य, एक किंवा दोन भाग शिल्लक राहणार. यंदांची शिल्लक ठाऊक असली कीं पुढील वर्षाच्या शिलकीच्या शक्यता ठरतात. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत काय काय घडलें हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. अशा मालिकेस गणितज्ञ मार्कोव्हची साखळी म्हणतात. आंद्रेय मार्कोव्ह या रशियन गणितज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं ती कल्पना मांडली आणि १९१३ सालीं, धरणांशीं कांहींएक संबंध नसतांना, पुश्किनच्या एका काव्यांतील वीस हजार अक्षरें मोजून तिचा प्रयोग केला होता!

या साखळीचा हिशेब केला तर दिसतें कीं, दीर्घ काळांत शून्य, एक व दोन या तिन्ही शिलकी सारख्याच वेळां, म्हणजे प्रत्येकी तिसरा हिस्सा वर्षें, आढळतात. टंचाई केव्हां? शिल्लक शून्य असून वर पाऊसही दगा देईल तेव्हां. तिसऱ्या हिश्शाचा चौथा हिस्सा म्हणजे बारावा हिस्सा. सरासरीनें बारा वर्षांतून एकदां. आणि गंमत अशी कीं, तळें भरून वाया जाणारें पाणीही सरासरीनें तितक्याच वेळां सांडव्यावरून जातें. आतां तळें लहान करून दोन भागांचें केलें तर टंचाई आठ वर्षांतून एकदां येते. मोठें करून चार भागांचें केलें तर सोळा वर्षांतून एकदां. साठा दुप्पट केला. टंचाई निम्मी झाली, पण संपली नाहीं. ती समूळ नाहींशी करावयाची तर तळें अमर्याद मोठें करावें लागेल. उंचीच्या प्रत्येक फुटामागें मावळ्यांच्या ज्या खाचरांचा बळी पडतो, त्या खाचरांच्या मोबदल्यांत नेमकी किती खात्री विकत मिळते याचा हा हिशेब आहे. तो १९२१ सालीं कोणापाशींच नव्हता.

या गणिताचा आणखी एक गुण आहे. तें केवळ दूरच्या काळाची सरासरी सांगून थांबत नाहीं. आजपासून पुढें काळ जसजसा जाईल तसतशी परिस्थिति कशी पालटत जाईल हेंही सांगतें. वरील तीन भागांचें तळें आज रिकामें असेल तर पहिल्या वर्षीं टंचाईची शक्यता शंभरांत पंचवीस, दुसऱ्या वर्षीं शंभरांत सुमारें एकोणीस, तिसऱ्या वर्षीं सुमारें सोळा, अशी उतरत उतरत ती आठाच्या आसपास येऊन ठरते. तेंच तळें आज कांठोकांठ भरलेलें असेल तर पहिलीं दोन वर्षें निर्धोक, आणि तिसऱ्या वर्षीं चौसष्टांत एक एवढीच भीति. आरंभींच्या स्थितीची स्मृति अशी हळूहळू पुसत जाते. या कालपरत्वें होणाऱ्या बदलाच्या अभ्यासांत एका भारतीय गणितज्ञाचें नांव आदरानें घेतलें जातें. नरहरि उमानाथ प्रभु हे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठांत अध्यापक होते. त्यांनीं १९५८ सालीं मर्यादित धरणाच्या प्रश्नाचीं कांहीं नेमकीं उत्तरें काढलीं, १९६४ सालीं साठ्यांच्या कालसापेक्ष वर्तनावर एक छोटेखानी पुस्तक लिहिलें, आणि १९६५ सालीं ‘रांगा आणि साठे’ या अर्थाच्या नांवाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

रांगा आणि साठे! या दोन गोष्टी एका ग्रंथाच्या नांवांत शेजारीं कां आल्या, हें समजलें कीं तळ्यापासून संगणकापर्यंतचा रस्ता मोकळा होतो.

रांगेचें गणित धरणाच्या गणिताहून जुनें. डेन्मार्कमध्यें कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत आग्नर क्रारुप एर्लांग हे गणितज्ञ काम करीत होते. शहरांत कोण केव्हां टेलिफोन करील याचा नेम नाहीं. मग किती तारा ठेवल्या म्हणजे लोकांचा फारसा खोळंबा होणार नाहीं? एर्लांग यांनीं १९०९ व १९१७ सालच्या आपल्या लेखांत याचें उत्तर दिलें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील केंडल, लिंडली प्रभृति गणितज्ञांनीं रांगेचीं समीकरणें मांडलीं, आणि मोरानच्या धरणाशेजारीं तीं ठेवून पाहतांच एक विलक्षण साम्य उघड झालें. रांगेंत नवीं कामें येतात, तळ्यांत पाणी येतें. रांगेंतलें काम ठराविक गतीनें उरकलें जातें, तळ्यांतलें पाणी ठराविक गतीनें सोडलें जातें. रांग संपली कीं काम करणारा रिकामा बसतो, तळें आटलें कीं चक्र थांबतें. समीकरण एकच, नांवें तेवढीं निराळीं. फरक आहे तो सुखदुःखाचा. धरणाच्या मालकास भरलेलें तळें पाहून आनंद होतो व रिकाम्याची धास्ती वाटते; रांगेंत उभ्या असलेल्या माणसास रिकामी रांग हवी असते व भरलेलीची धास्ती असते.

येथें मुंबईच्या गिरण्या पुन्हां दृष्टीस पडतात. एक कामगार अनेक यंत्रें सांभाळीत असेल, आणि धागा केव्हां तुटेल याचा नेम नसेल, तर दोन यंत्रें एकाच वेळीं बंद पडून एकास दुसऱ्याची वाट पाहात थांबावें लागतें. अशा वेळीं किती उत्पादन बुडतें व माणसावर किती ताण पडतो? हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १९२८ सालीं मुंबईंत गिरणी कामगारांचा जो प्रचंड संप झाला व सुमारें सहा महिने चालला, त्याच्या कारणांत हेंच एक मोठें कारण होतें कीं, विणकरानें दोनऐवजीं तीन माग सांभाळावे अशी मालकांची योजना होती. भिऱ्याची वीज गिरण्यांत येऊन तेव्हां जेमतेम वर्ष झालें होतें. यंत्रांची गति विजेनें निश्चित झाली. अनिश्चितता तेवढी माणसाच्या वांट्यास आली. या ‘यंत्रें आणि कामगार’ प्रश्नाचें गणित पुढें युरोपांत तयार झालें. स्वीडनमधील पाम, इंग्लंडांतील बेन्सन व कॉक्स यांचीं नांवें त्यांत प्रमुख आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटांतून निघालेलें तें गणित संगणकाच्या दारांत कसें जाऊन पोंचलें हें पाहण्यासारखें आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं कामास लागला. त्या काळीं एक संगणक एका वेळीं एकाचेंच काम करी, आणि बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहात. त्याच सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत असा बेत झाला कीं, एकाच यंत्रासमोर अनेकांनीं बसावें, प्रत्येकानें टंकयंत्रावरून आज्ञा द्यावी, आणि यंत्रानें आपला वेळ सर्वांना तुकड्यातुकड्यानें वांटून द्यावा. बेत उत्तम, पण किती माणसें बसविलीं म्हणजे उत्तरास विलंब असह्य होईल? ॲलन शेर या तरुण संशोधकानें १९६५ सालच्या आपल्या प्रबंधांत या प्रश्नास हात घातला. त्यानें त्या अवाढव्य यंत्रांतील हजारों बारकावे बाजूस ठेवले आणि तोच गिरणीचा नमुना उचलला. विचार करीत बसलेला माणूस म्हणजे चालू माग. आज्ञा देऊन उत्तराची वाट पाहणारा माणूस म्हणजे धागा तुटलेला माग. आणि संगणक म्हणजे मागामागून धांवणारा एकटा कामगार. या साध्या साखळीनें दिलेले अंदाज प्रत्यक्ष मोजमापांशीं इतके जवळून जुळले कीं, संगणकाचें वर्तन संभाव्यतेच्या प्रतिमानानें अभ्यासतां येतें याविषयीं संशय उरला नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं बँकेंत किंवा रेल्वेच्या तिकिटासाठीं यंत्राच्या पडद्यावर फिरणारें चक्र पाहात घालविलेलीं मिनिटें मोजलीं असतील, त्यांस या गणिताचा एक निष्कर्ष उपयोगी वाटेल. कामें केव्हांही येणारीं व लहानमोठीं असलीं आणि यंत्राचा निम्मा वेळ कामांत जात असला, तर एका कामास वाट पाहण्यासह सरासरीनें मूळच्या दुप्पट वेळ लागतो. यंत्र नव्वद टक्के वेळ गुंतलेलें असेल तर दहापट. नव्याण्णव टक्के गुंतलें तर शंभरपट! नव्वदावरून नव्याण्णवावर जाणें म्हणजे काम जेमतेम दहावा हिस्सा वाढविणें, आणि विलंब दसपट करणें. ‘यंत्र एक क्षणही रिकामें राहतां कामा नये’ असा हट्ट धरणारा व्यवस्थापक आपल्या गिऱ्हाइकांचा वेळ खर्चीं घालीत असतो. त्याच्या हिशेबाच्या वहींत मात्र तो खर्च कोठें दिसत नाहीं.

या काळांत हें शास्त्र झपाट्यानें वाढलें. जॅक्सन यांनीं रांगांच्या जाळ्याचें गणित दिलें, लिटल यांनीं १९६१ सालीं रांगेची लांबी आणि वाट पाहण्याचा काळ यांचा साधा पण सर्वगामी नियम सिद्ध केला, क्लाइनरॉक यांनीं संदेशांच्या जाळ्यास तो सारा विचार लागू केला. त्या तपशिलांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या बहुतेक हिशेबांत एक सोय गृहीत होती: आजच्या आवकेचा कालच्या आवकेशीं संबंध नाहीं. नाणें उडवावें तसा प्रत्येक दिवस स्वतंत्र. आणि नेमक्या याच ठिकाणीं एका नदीनें गणितज्ञांची वाट अडविली.

ती नदी म्हणजे नाईल. हॅरल्ड एडविन हर्स्ट हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०६ सालीं मिसर देशांत नोकरीस गेले आणि त्यांनीं सारें आयुष्य त्या नदीच्या अभ्यासांत घालविलें. कैरोजवळच्या रोडा बेटावरील मापस्तंभावर नाईलच्या पाण्याच्या नोंदी इसवी सन ६२२ पासूनच्या मिळतात; एवढी दीर्घ वही जगांत क्वचितच असेल. हर्स्ट यांनीं ती तपासली, तिच्या जोडीस इतर नद्या, पाऊस, वृक्षांचीं वर्षवलयें, तलावांच्या तळाशीं सांठलेल्या गाळाचे थर यांच्या नोंदी पाहिल्या, आणि १९५१ सालीं असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, निसर्गाच्या आवकेंत वर्षें स्वतंत्र नसतात. भरघोस वर्षांचे थवे येतात व कोरड्या वर्षांचेही थवे येतात. वर्षें स्वतंत्र असतीं तर दीर्घ काळासाठीं लागणारें कोठार काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढलें असतें. प्रत्यक्षांत तें त्याहून वेगानें वाढतें. वर्गमूळाचा घातांक एक द्वितीयांश. हर्स्ट यांस सरासरीनें ०.७३ च्या आसपास घातांक आढळला.

महाराष्ट्रास ही गोष्ट कोणी नव्यानें शिकवावयास नको. बारा वर्षें टिकला अशी आख्यायिका असलेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या स्मृतींत पांच-सहाशें वर्षें राहिला. १९७२ चा म्हणून ओळखला जाणारा दुष्काळही एका वर्षाचा नव्हता, १९७० पासून सरत आलेल्या तुटीचा तो कळस होता. तेव्हां वर दिलेल्या कल्पित तळ्याचा बारा वर्षांतून एकदांचा हिशेब खऱ्या तळ्यास लावतांना सावध राहिलें पाहिजे. कोरडीं वर्षें हातांत हात घालून येत असतील, तर टंचाईंची संख्या तीच राहूनही त्यांची झळ अनेक पटींनीं वाढते.

संगणकवाल्यांना हर्स्ट यांचें नांव चाळीस वर्षें ऐकून ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु अमेरिकेंतील बेलकोर या संशोधनसंस्थेंत १९८९ पासून संगणकांच्या जाळ्यांतून जाणाऱ्या संदेशांचीं अत्यंत बारकाईनें मोजमापें घेण्यांत आलीं, आणि लेलंड, टाक्कू, विलिंगर व विल्सन या चौघांनीं १९९३-९४ सालीं त्यांचा निष्कर्ष जाहीर केला. संदेशांची आवक टेलिफोनच्या जुन्या गणिताप्रमाणें नव्हती. सेकंदाच्या शतांशांत पाहा, मिनिटांत पाहा, तासांत पाहा. गर्दीचे थवे आणि शांततेचे थवे सगळीकडे सारखेच दिसत. नाईलचा तोच घातांक, आणि आतां तो ०.८ हूनही वर! फिनलंडमधील नोरोस यांनीं १९९४ सालीं अशा आवकेसाठीं संदेशांच्या तात्पुरत्या सांठवणीचें गणित मांडलें, आणि त्यास नांव दिलें तें रांगेचें नव्हे, साठ्याचें. संगणकाच्या तज्ज्ञांनीं धरणाची परिभाषा अशी उघडपणें परत घेतली. सांठवणीची जागा दुप्पट केली तरी हरवणारे संदेश अपेक्षेइतके कमी होत नाहींत, हें त्यांस तेव्हां कळलें. धरण बांधणारांस तो अनुभव फार जुना होता.

मुळशीच्या पाण्यासंबंधीं संभाव्यतेची भाषा शेवटीं न्यायालयीन कागदांतही आली. कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचा तंटा सोडविण्यासाठीं १९६९ सालीं नेमलेल्या बच्छावत लवादानें १८९४-९५ ते १९७१-७२ या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आवकेच्या मालिकेवरून असें ठरविलें कीं, शंभरांपैकीं पंचाहत्तर वर्षीं मिळेलच असें पाणी २०६० अब्ज घनफूट धरावें व त्याची तीन राज्यांत वांटणी करावी. चारांपैकीं एका वर्षीं तेवढें मिळणार नाहीं, हें त्या आंकड्यांतच कबूल केलेलें आहे. २०१० सालच्या दुसऱ्या लवादानें १९६१-६२ नंतरची सत्तेचाळीस वर्षांची मालिका घेतली व पासष्ट टक्के भरंवशाचा आंकडा २२९३ अब्ज घनफूट काढला. वर्षांची मालिका बदलली, भरंवशाची पायरी बदलली, आणि वांटावयाचें पाणी दोनशें तेहेतीस अब्ज घनफुटांनीं वाढलें. नदींत त्यामुळें थेंबाचीही भर पडली नाहीं. मुळशीसह टाटांच्या सर्व तळ्यांतून पश्चिमेस वळविल्या जाणाऱ्या पाण्यासही बच्छावत लवादानें मर्यादा घातली, व ती घालतांना एका वर्षाची कमाल वेगळी आणि लागोपाठच्या पांच वर्षांची कमाल वेगळी ठेवली. एक वर्ष आणि पांच वर्षें यांचा हिशेब सारखा नसतो, हें हर्स्टचें म्हणणें तेथें कायद्याच्या भाषेंत उतरलें आहे. त्या निवाड्यांत भरंवशाचा हिशेब राज्याराज्यांपुरता आहे. ज्यांच्या खाचरांवर मुळशीचें पाणी उभें आहे त्यांच्या भरंवशाचा रकाना त्यांत नाहीं. आणि १९२१ च्या कागदांत त्यांच्यासाठीं भरपाईची रक्कम तेवढी होती.

मुळशीचें तळें आज शंभरीच्या घरांत आलें आहे. त्याचा साठा अठरा ते वीस अब्ज घनफुटांच्या दरम्यान सांगितला जातो. भिऱ्याचीं चक्रें अजून फिरतात. तीं किती वेगानें फिरवावयाचीं हें मुंबईच्या विजेच्या गरजेवर ठरतें. चक्रांवरून उतरलेलें पाणी कुंडलिकेच्या पात्रांत येतें, आणि कोलाडच्या बाजूस नदीवर होड्यांतून प्रवाहाचा थरार अनुभवण्यास आलेले पुण्या-मुंबईचे तरुण कांठावर त्या पाण्याची वाट पाहात बसलेले असतात. पाणी सुटलें कीं होड्या निघतात. त्यांत हिंजवडीहून आलेलेही पुष्कळ असतात.